एकतीस पानांची फाईल : सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका सीए ऑफिसचा अनुभव

आधीच सांगते, ऑफिसचं नाव यात सापडणार नाही. साहेबांनीच हात जोडले. म्हणाले, "काकू, कौतुक करा नाहीतर शिव्या घाला, पण नाव टाकू नका. आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे, आमच्या 1949 च्या कायद्यातच तसं आहे." मी म्हटलं, बरं. नव्या पेठेत तयार कपड्यांच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. खाली चपलांचा ढीग, वर दोन खोल्या आणि छताला टेकतील एवढ्या फायली. सोलापूरचे असाल तर असे पन्नास जिने तुम्ही चढला असाल. त्यातलाच एक समजा.

मी कडक भाकरी करून विकते. 22 वर्षं झाली. हाताखाली सहा बायका आहेत, ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, आणि शेंगाची चटणी बारा महिने. थोरली लेक इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे, जावईही तिथंच. 2025 च्या मे महिन्यात त्यांनी घर बघितलं, 2 लाख 30 हजार पौंडाचं. नव्वद टक्के कर्ज, दहा टक्के आपले. त्या दहातले निम्मे त्यांच्याकडं होते, निम्मे आम्ही देतो म्हणालो. लेकीच्या घराला आई-बापानं हातभार लावायचा, त्यात कोण काय विचारणार, असं मला वाटलं.

विचारलं की ओ! तिकडं घर घेताना वकील लागतोच, आणि त्या वकिलाच्या ऑफिसातून जूनच्या पहिल्या आठवड्यात भलीमोठी मेल आली. पैसे देणाऱ्यांची ओळखपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि हे पैसे भेट आहेत, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही असं आमच्या सह्यांचं पत्र. इथपर्यंत ठीक होतं. पुढं दोन ओळी होत्या, सोर्स ऑफ फंड्स आणि सोर्स ऑफ वेल्थ. मी थोरलीला म्हटलं, दोन्ही एकच की गं. ती म्हणाली, "नाही आई. पहिल्यात विचारलंय, हे पैसे कुठल्या खात्यातून येणार आणि त्या खात्यात कुठून आले. दुसऱ्यात विचारलंय, तुमच्याकडं मुळात एवढे साठले कसे."

तिच्या वकिलाचा काही दोष नाही. तिकडं काळा पैसा पांढरा करणाऱ्यांविरुद्ध 2017 चे नियम आहेत, आणि वकिलानं न विचारता पैसे पुढं सरकवले तर तोच अडकतो. अर्जात असंही विचारलं होतं की घरात कोणी राजकारणातली मोठी व्यक्ती आहे का. आमचे धाकटे दीर एक टर्म सरपंच होते. मी दोन दिवस काळजी केली. नंतर सीए साहेब हसून म्हणाले, त्यात मंत्री, खासदार, मोठे न्यायाधीश, सेनापती असले लोक येतात, तुमचे भाऊजी नाही.

खरी गोची आमच्या स्टेटमेंटमध्ये होती. 27, 28, 30 आणि 31 जानेवारी या तारखांना माझ्या खात्यात प्रत्येक वेळी बरोब्बर 49,000 रोख भरलेले. चार ओळी, एकाखाली एक. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत, आमचा स्टॉल असतो, त्यातून खर्च जाऊन उरलेले आणि भिशीचे पैसे असे 1 लाख 96 हजार घरात होते. शेजारच्या एका भाऊजींनी शहाणपण शिकवलं, "वहिनी, पन्नासच्या आत भरा. पॅन लागत नाही, कोणी विचारत नाही." म्हणून मी ऊन बघून, छत्री घेऊन, चार वेळा बँकेत गेले. रिक्षाचे 240 रुपये वेगळे. माझं खातं पॅनला कधीच जोडलेलं आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. इंग्लंडच्या वकिलाचा त्या चार ओळींवर पहिला प्रश्न आला, तोही तांबड्या अक्षरात.

मग आम्ही एजंट शोधायला लागलो. कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणारा एकजण ओळखीतून भेटला. म्हणाला, सोपं आहे, तुमच्या भावानं तुम्हाला दोन लाख उसने दिले होते असा करारनामा करू, मागच्या तारखेचा. मी म्हटलं, मागच्या तारखेचा बाँड कुठून आणणार? त्यानं ड्रॉवर उघडला. आत शंभराच्या बाँडची चळत. आता महाराष्ट्रात अशा करारांना पाचशेचा लागतो, 2024 च्या ऑक्टोबरपासून. म्हणून याच्याकडचे जुने शंभरवाले सोन्याच्या भावात. तीन हजार मागितले. हे म्हणाले, घेऊन टाकू, कटकट मिटेल. मी त्या चळतीकडं बघत होते. भावानं आयुष्यात मला भाऊबीजेला पाचशेच्या वर दिले नाहीत, आणि त्याच्या नावानं दोन लाख! उद्या त्याला फोन करून विचारलं तर तो खरं बोलणार, त्याला खोटं बोलता येत नाही. उठून आले.

सीएचा पत्ता आमच्याकडून हॉटेलसाठी भाकरी नेणाऱ्या मामांनी दिला. 11 जूनला पहिल्यांदा जिना चढले. साहेब चाळिशीतले असतील, बोलणं कमी. आत एक पोरगी काम करते, ऑफिसात मराठी, घरच्या फोनवर तेलुगू. पहिला अर्धा तास साहेबांनी एकही कागद मागितला नाही. कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "काकू, कोणाचे पैसे, कधीचे, कसे आले, ते नुसतं सांगा. कागदाचं नंतर बघू." मी सांगत गेले, ते लिहीत गेले. शेवटी कागदावर चार चौकोन होते. यांची फंडाची एफडी 8 लाख 20 हजार, माझी पिग्मी 2 लाख 10 हजार, सोन्याची मोड 1 लाख 24 हजार, आणि ते चार वेळचे 1 लाख 96 हजार. बेरीज साडेतेरा लाख.

49 हजारांची गोष्ट ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, एका दिवशी दोन लाख भरून स्लिपवर पॅन लिहिला असता तर विषय संपला होता. महिन्यात दहा लाखांच्या वर रोख गेली तर बँकेला दिल्लीला कळवावंच लागतं, तुम्ही त्याच्या जवळपासही नव्हता. पण पन्नासच्या किंचित खाली चार वेळा भरलं की कोणालाही वाटणार, ही बाई काहीतरी चुकवतेय." मी म्हटलं, मग आता? "आता काय, जे झालं तेच लिहायचं. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून केलं, चूक झाली. हे पैसे गड्ड्याचे आणि भिशीचे." मी म्हटलं, असं लिहिलं तर चालतं? ते म्हणाले, "खरं लिहिलेलंच चालतं, कारण त्याच्या मागं कागद निघतो."

आता एकेक चौकोन. यांच्या पैशात मला वाटलं होतं काहीच अडचण नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, 31 मे 2016 ला निवृत्त, ग्रॅच्युइटी आणि फंड खात्यात जमा, त्यातल्या 5 लाखांची एफडी. सरळ नोकरीचा पैसा. पण ती एफडी नऊ वर्षांत तीनदा रिन्यू झालेली, दर वेळी पावतीचा नंबर नवा. शिवाय मधे 2020 साली बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झाली, म्हणजे नाव बदललं, खाते नंबर बदलला. लेस्टरच्या वकिलाला एका बाजूला एका बँकेचं पासबुक आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच बँकेची पावती दिसणार. शाखेत 2016 चं स्टेटमेंट मागायला गेलो तर तिथले बाबू म्हणाले, इतकं जुनं सिस्टीममध्ये नाही. साहेबांनी सांगितलं, कायद्यानं बँकेला व्यवहाराची नोंद पाच वर्षंच ठेवावी लागते, त्यामुळं भांडून उपयोग नाही.

वाचवलं यांच्या पासबुकानं. आमचे हे काहीच टाकून देत नाहीत. दुधाच्या पिशव्यांचे रबर, लग्नपत्रिकांची पाठकोरी पानं, सगळं जपून. मी तीस वर्षं त्यावरून बोलत आले. पत्र्याच्या पेटीतून तीन पासबुकं निघाली, रबर इतका जुना की हात लावल्यावर तुटला आणि अर्धा कव्हरला चिकटून राहिला. मधल्या पासबुकात 2016 च्या जूनमध्ये जमा झालेली रक्कम, आणि खाली चार दिवसांनी खात्यातून 5,00,000 वजा, पुढं एफडीचा नंबर. शाई फिकट जांभळी झालेली. पोरीनं तो कागद स्कॅनरवर तीनदा ठेवला, काळेपणा वाढवला, तेव्हा कुठं नंबर उमटला. हे खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

सोन्याची मोड म्हणजे माझी माहेरची बोरमाळ, 14 ग्रॅमला थोडी कमी. मे महिन्यात मोडीत घातली. दुकानदारानं पैसे खात्यात दिले, मोडीची पावती दिली. धंदेवाल्याला एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख देणं परवडत नाही, ती रक्कम खर्चात धरत नाहीत, म्हणून तो बँकेतूनच देतो. म्हणजे पैसा आला कसा हे सिद्ध. पण बोरमाळ माझी, हे कशावरून? 1989 सालच्या लग्नाचं बिल माझ्या आईनं ठेवलंय होय? मी म्हटलं, लग्न झालेल्या बाईला अर्धा किलोपर्यंत सोनं चालतं ना? साहेब म्हणाले, "ते धाडीत जप्त करायचं नाही एवढ्यापुरतं, 1994 चं परिपत्रक आहे. सोनं कुठून आलं याचा तो पुरावा नव्हे." मग त्यांनी विचारलं, लग्नाचा फोटो आहे का? अल्बममधला एक निघाला. अंतरपाट धरलेला, मी मान खाली घालून, गळ्यात बोरमाळ स्वच्छ दिसतेय, मणी मोजता येतील एवढी. तो फोटो फाईलच्या 19 व्या पानावर लागला. मोडीच्या पावतीवर दुकानदारानं वस्तूचं वर्णन "बोरमाळ" असंच लिहिलं होतं, हे नशीब. नुसतं "जुने सोने" लिहिलं असतं तर फोटो काही कामाचा नव्हता. मोड घालताना एवढं एक बघत जा.

पिग्मीचं ऐकून साहेब खुश झाले. मला नवल वाटलं. पिग्मी म्हणजे रोज संध्याकाळी सायकलवर, आता स्कूटरवर, येणारा पोरगा आणि त्याच्या हातातलं ते छोटं मशीन. रोज 200 रुपये, कधी 100, पावसात 50. मला वाटायचं बायकांची चिल्लर. साहेब म्हणाले, "काकू, तुमचा धंदा रोखीचा, आणि रोखीच्या धंद्याचा रोजचा पुरावा एवढा चांगला दुसरा नाही. तीन वर्षांची नऊशेच्या वर तारखा असलेली यादी! कोणी खोटं करायचं म्हटलं तरी इतकी मेहनत करणार नाही." त्या यादीत 2023 च्या श्रावणात सलग अकरा दिवस शून्य आहे. तेव्हा सासूबाई दवाखान्यात होत्या. कागदाला ते माहीत नाही, मला दिसलं.

राहिला तो चौथा चौकोन. त्यासाठी माझ्या ऑर्डरच्या वह्या नेल्या. दोनशे पानी, कव्हरवर लक्ष्मी. अर्ध्या नोंदी माझ्या, अर्ध्या आमच्याकडं भाकरी थापणाऱ्या बाईच्या, ती अक्कलकोटच्या पलीकडची, ती कानडीत लिहिते. "मामी 40 बाकी" असली नोंद. पोरगी म्हणाली, काकू, म्हणजे मामीकडून 40 रुपये येणं की 40 भाकऱ्या देणं? मला सांगता येईना. मामीला फोन लावला. भाकऱ्या होत्या.

साहेबांनी सगळी वही घेतलीच नाही. गड्ड्याच्या दिवसांची पानं, जागाभाड्याची पावती, शेंगदाणेवाल्याची बिलं, बायकांना दिलेल्या हजेरीचं पान, एवढंच. मग विचारलं, "वहीतला हा 1 लाख 98 हजार आकडा गल्ला की नफा?" मी म्हटलं गल्ला. "मग नफा सांगा. लोक गल्ला दाखवतात आणि तिथंच फसतात." हजेरी, भाडं, शेंगदाणे, तेल, पिशव्या वजा जाता 1 लाख 36 हजार राहिले. उरलेले 60 हजार भिशीचे. बारा बायका, महिन्याला पाच हजार, जानेवारीत माझा नंबर लागला. भिशी इंग्रजीत कशी लिहायची यावर ऑफिसात पंधरा मिनिटं गेली. वकिलाला ते बाईचं नाव वाटू नये अशी काळजी.

भिशीवर साहेबांनी जो तोडगा काढला, त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. ते म्हणाले, "भिशीला कागद नाही. बारा जणींच्या सह्या आणू शकता, पण मग त्या बारा जणींकडं पैसे कुठून आले, असंही कोणी विचारू शकतं. ते 60 हजार पाठवूच नका. खात्यात राहू द्या, घरखर्चाला वापरा. पहिल्या पानावर स्पष्ट लिहू की यातले 60 हजार भिशीचे आहेत आणि ते भेटीत धरलेले नाहीत." इतकी साधी गोष्ट. आम्ही तीन आठवडे ते पैसे कसे सिद्ध करायचे म्हणून डोकं फोडत होतो, आणि साहेबांनी ते बाजूलाच काढले. माझी रक्कम झाली 4 लाख 70 हजार, यांची 8 लाख 20 हजार, मिळून 12 लाख 90 हजार.

आता एक गोष्ट जी मला लागली. माझे रिटर्न बघून साहेब बराच वेळ गप्प होते. 2019 पासून मी रिटर्न भरते, म्हणजे एक फॉर्म भरून देणारा भरतो. दर वर्षी उत्पन्न 2 लाख 40 हजार. उलाढाल कमी-जास्त, पण खालचा आकडा जणू कोरून ठेवलेला. साहेब म्हणाले, हे खरं आहे का? मी म्हटलं, नाही, जास्त मिळतं, पण तो म्हणाला अडीचच्या आत ठेवू, कर बसत नाही. "काकू, नव्या पद्धतीत 2024-25 ला सात लाखांपर्यंत कर शून्यच होता. त्याआधीही पाच लाखांपर्यंत सूट मिळत होती. तुम्ही साडेतीन लाख दाखवले असते तरी एक रुपया भरावा लागला नसता. मग कमी कशाला दाखवले?" मला उत्तर नव्हतं. पहाटे चारला चूल पेटवायची, धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि कागदावर बाई वर्षाला 2 लाख 40 हजारांची. आता गरज पडली तेव्हा माझी स्वतःची कमाई मला सिद्ध करता येईना, कारण मीच ती लिहिली नव्हती. मागचं जाऊ द्या, त्या वर्षीचं रिटर्न त्यांनी खरं भरलं, उलाढाल 10 लाख 40 हजार, उत्पन्न 3 लाख 60 हजार. कर शून्य.

फाईल 31 पानांची झाली. पहिल्या पानावर इंग्रजीत आमची सगळी कहाणी, दुसऱ्यावर तक्ता, आणि तक्त्यातल्या प्रत्येक रकमेपुढं पान नंबर. पिग्मीची सगळी यादी नाही, महिन्यावार गोषवारा आणि नमुन्याला काही पानं. मराठी कागदांचं भाषांतर, आणि शेवटी सीएचं प्रमाणपत्र. त्यावर 18 आकडी यूडीआयएन नावाचा नंबर असतो, तो कोणीही इंटरनेटवर टाकून बघू शकतो की हे प्रमाणपत्र खरंच त्या सीएनं दिलंय का. तिकडच्या वकिलानं तो तपासला म्हणे. शंभराच्या बाँडवर असला नंबर कुठला?

तक्रारीही आहेत, त्या सांगायलाच पाहिजेत. आठ दिवसांत देतो म्हणाले, 27 दिवस लागले. त्या वर्षी रिटर्नची तारीख 31 जुलैवरून 15 सप्टेंबरला गेली होती, तरी ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही. दुसरं, तक्त्यात पोरीनं यांच्या निवृत्तीचं साल 2016 च्या जागी 2018 टाइप केलं. मी इंग्रजी वाचते, पण आकड्याकडं लक्ष गेलं नाही. लेस्टरच्या वकिलाच्या लक्षात आलं आणि चार दिवस त्यात गेले. साहेबांनी चूक कबूल केली, पोरीवर ढकलली नाही, हे बरं वाटलं. तिसरं, फी. आधी पाच हजार म्हणाले, बिल आलं साडेसहा हजारांचं, वर 18 टक्के जीएसटी, 7,670. भाषांतराचे वेगळे. आधी सांगितलं असतं तर मी काही पळून गेले नसते. आणि तो जिना. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच फोन करावा, पोरगी खाली येऊन कागद घेऊन जाते. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

बँकेचं काम मात्र फाईलमुळं झटक्यात झालं. आमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायची सोय नाही, मुख्य शाखेत जावं लागलं. ए-टू फॉर्म, पॅन, आणि पैसे आपलेच आहेत, आपल्याच खात्यातले आहेत अशी घोषणा. आम्ही आधी ठरवलं होतं की सगळे पैसे यांच्या खात्यात घेऊन एकदम पाठवू. साहेबांनी अडवलं होतं. एका माणसानं वर्षात 10 लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधी कापते. 1 एप्रिल 2025 च्या आधी ही मर्यादा सातच लाख होती. यांच्या एकट्याच्या नावानं 12 लाख 90 हजार गेले असते तर 58 हजार अडकले असते, पुढं रिटर्नमध्ये सुटेपर्यंत. ज्याचे पैसे त्यानं पाठवायचे, दोघंही दहाच्या आत, कापणं नाही. शिवाय पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरला की आणखी एक प्रश्न वाढतो. काउंटरवरच्या मॅडमनी तेच सगळं पुन्हा विचारलं, मी फाईलचं दुसरं पान पुढं केलं. त्यांनी बोट ठेवून तक्ता वाचला आणि म्हणाल्या, याची झेरॉक्स ठेवू का?

पैसे 28 जुलैला गेले, पौंडाला 117 च्या आसपास भाव लागला, 11 हजारांच्या थोडं वर झाले. घराच्या किल्ल्या सप्टेंबरात मिळाल्या. थोरली सांगत होती, तिच्या वकिलीण बाईंनी फाईल परत पाठवताना 19 व्या पानाबद्दल एक ओळ लिहिली होती, फोटो फार सुंदर आहे म्हणून.

पाचपैकी चार. एक तारा उशीर आणि फी यांचा कापला, जिन्याचा नाही. अशीच गरज असेल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी साहेब कोर्टकचेरीच्या कामाला असतात. जाताना जुनी पासबुकं न्या, रबरासकट.

काम संपल्यावर मी भाकरीची दोन पाकिटं आणि चटणीचा पुडा घेऊन गेले. साहेबांनी घेतला, पण फुकट नको म्हणाले. मी म्हटलं, अहो लेकीच्या घराचं गोड समजा. ऐकेनात. फोनवरून 310 रुपये पाठवले आणि म्हणाले, "वहीत लिहा काकू." तिथंच टेबलावर वही उघडली. तारीख, दोन पाकिटं, एक पुडा, 310, फोनवर. पोरगी बघत होती. म्हणाली, "काकू, नाव पण लिहा, नाहीतर पुन्हा मामीसारखं व्हायचं."